कंपनीच्या ॲप्टिट्यूड चाचणीत वेळ पुरत नाही, तेव्हा

प्रश्न : मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत शिकले. आजवर एकाही विषयात नापास झालेले नाही, पण कॅम्पस भरतीसाठी आलेल्या दोन कंपन्यांच्या ॲप्टिट्यूड चाचणीतच मी बाहेर पडले. पहिल्या वेळी गणिताच्या भागातले निम्मे प्रश्न वाचायचेच राहिले. दुसऱ्या वेळी घाई केली आणि बरीच उत्तरे चुकली. तेच प्रश्न घरी शांतपणे सोडवले की बहुतेक बरोबर येतात. रोज शॉर्टकटचे व्हिडिओ पाहते, ते पाहताना सगळे समजते, पण परीक्षेत आठवत नाही. पुढची कंपनी साधारण आठ आठवड्यांनी येणार आहे. पुण्यातला एक क्लास पंधरा हजार रुपये मागतो. वडील द्यायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे मागायला मन धजत नाही. मित्र म्हणतात, चाचणी घरून ऑनलाइन असली तर आम्ही शेजारी बसून उत्तरे सांगू. सोबत बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करावा का, हेही कळत नाही. माझी बुद्धीच कमी आहे का, असा प्रश्न आता रोज मनात येतो.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवे, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचा अभ्यास नीट होणार नाही. घरी शांतपणे सोडवल्यावर बहुतेक उत्तरे बरोबर येतात, असे तुम्हीच लिहिले आहे. ज्या विद्यार्थिनीला वेळ दिल्यावर उत्तर येते, तिच्या बुद्धीबद्दल शंका घ्यायला काहीच कारण नाही. कंपनीपुढे अर्जांचा ढीग असतो, सर्वांच्या मुलाखती घेणे तिला शक्य नसते, म्हणून शालेय पातळीचेच प्रश्न अगदी थोड्या वेळात सोडवायला देऊन ती उमेदवारांची संख्या कमी करते. ही एक चाळणी आहे. कोण किती हुशार आहे, याचा निवाडा तिच्यातून होत नाही.

अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरल्या गेल्या त्या अमेरिकी सैन्यात, पहिल्या महायुद्धाच्या वेळी. १९१७ साली रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तयार झालेली ‘आर्मी अल्फा’ ही चाचणी इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी होती आणि ज्यांना ते येत नव्हते त्यांच्यासाठी ‘आर्मी बीटा’ ही चित्रांवर आधारलेली वेगळी चाचणी होती. सुमारे १७ लाख सैनिकांनी या चाचण्या दिल्या. त्या काळी त्यांच्या निकालावरून काढलेल्या अनेक निष्कर्षांवर पुढे कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण भाषा आड आली तर गुण कमी पडतात आणि ते गुण बुद्धीचे माप ठरत नाहीत, एवढे त्या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही कळले होते. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांच्या चाचणीत मात्र सर्वांना एकच इंग्रजी प्रश्नपत्रिका मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवाराला गणिताचा प्रश्नसुद्धा आधी इंग्रजीचा उतारा म्हणून वाचावा लागतो, आणि तुमचा वेळ बहुधा तिथेच जात असावा.

हा अंदाज बरोबर की चूक, हे तुम्हालाच तपासता येईल. येत्या सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण सराव चाचणी घड्याळ लावून निळ्या पेनाने सोडवा. वेळ संपताच पेन खाली ठेवा, दहा मिनिटे थांबा आणि राहिलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता लाल पेनाने सोडवा. त्यानंतरच उत्तरे तपासा. लाल शाईत जेवढी उत्तरे बरोबर आली, तेवढे गुण वेळेअभावी गेले. दोन्ही शाईंत जे प्रश्न चुकले किंवा सुटलेच नाहीत, ते घटक तुम्हाला खरोखर शिकायचे आहेत. निळ्या शाईत जे चुकले, पण पुन्हा वाचताच चूक तुमच्या लक्षात आली, ते प्रश्न वाचताना किंवा आकडेमोड करताना चुकलेले आहेत. तयारीला लागलेले बहुतेक विद्यार्थी हे तीन प्रकार एकत्र करून ‘माझे गणित कच्चे आहे’ असे म्हणतात आणि पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की दुसऱ्या प्रकारचे प्रश्न तुमच्याकडे थोडे निघतील, पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे पुष्कळ.

आता व्हिडिओंविषयी. दुसऱ्याने सोडवलेले गणित पाहताना ते समजल्यासारखे वाटते, कारण प्रत्येक पुढची पायरी समोर आयती येते. परीक्षेत नेमकी पहिली पायरी स्वतःला सुचावी लागते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. व्हिडिओ संपताच सगळे येते असे वाटणे आणि परीक्षेत काहीच न आठवणे, या तुमच्या अनुभवाची संगती यातून लागते. व्हिडिओ पाहायचाच असेल, तर प्रश्न दिसल्यावर तो थांबवा, स्वतः चार मिनिटे झटापट करा आणि मग पुढचे पाहा. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा मांडा.

गणिताच्या भागात नवीन काहीही नसते. शेकडेवारी, गुणोत्तर व प्रमाण, सरासरी, नफा-तोटा, सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज, काळ-काम-वेग, मिश्रणे, मसावि-लसावि, थोडी संभाव्यता आणि थोडे क्रमपर्याय, एवढ्यातच बहुतेक प्रश्न फिरतात. यातली पहिली दोन प्रकरणे पक्की असली की पुढची निम्मी आपोआप सोपी होतात, कारण नफा-तोटा, व्याज आणि मिश्रणे ही शेकडेवारी व गुणोत्तराचीच रूपे आहेत. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त याच दोन प्रकरणांना द्या. बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. संकल्पना कच्ची वाटली तर त्या पुस्तकांकडे निःसंकोच परत जा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात सातवीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा मानू नका.

वेग वाढवण्यासाठी शॉर्टकटच्या सूत्रांपेक्षा अपूर्णांकांची ओळख अधिक कामाची आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती, आणि त्यामुळे बाजारात सव्वा, दीड, पावणेदोन यांचे हिशेब त्यांना तोंडी जमत. आता ते सगळे पाठांतर करायची गरज नाही, पण त्यामागची सवय उचलण्यासारखी आहे. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश, सोळा पूर्णांक दोन तृतीयांश टक्के म्हणजे एक षष्ठांश, हे डोळ्यांपुढे लगेच आले पाहिजे. एक नेहमीचा प्रश्न घ्या : पेट्रोलची किंमत २५ टक्क्यांनी वाढली, तर खर्च तेवढाच ठेवण्यासाठी वापर किती टक्क्यांनी कमी करावा? क्लासमध्ये यासाठी एक सूत्र देतात आणि ते परीक्षेत नेमके विसरले जाते. मराठीत विचार केला तर किंमत सव्वापट म्हणजे पाच चतुर्थांश झाली. मग वापर चार पंचमांश व्हायला हवा, म्हणजे एक पंचमांशाने, अर्थात २० टक्क्यांनी, कमी. यात सूत्र आठवण्याचा प्रश्नच येत नाही.

काळ-कामाच्या प्रश्नांतही तसेच आहे. एक काम पहिला माणूस १२ दिवसांत आणि दुसरा १८ दिवसांत करतो. दोघांनी मिळून ४ दिवस काम केले आणि पहिला निघून गेला, तर उरलेले काम दुसरा किती दिवसांत पुरे करेल? अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करत बसलात तर मिनिट-दीड मिनिट जाते. १२ आणि १८ यांचा लसावि ३६ आहे, म्हणून एकूण काम ३६ भाग माना. पहिला रोज ३ भाग करतो, दुसरा २. चार दिवसांत २० भाग झाले, १६ उरले, ते दुसरा ८ दिवसांत संपवेल. नळ आणि टाकीची गणितेही याच पद्धतीने सुटतात. फक्त पाणी बाहेर सोडणारा नळ असेल तर त्याचे भाग वजा होतात. अशी एकेक पद्धत तीसेक वेगवेगळ्या प्रश्नांवर वापरून हातात बसवणे हे दोनशे शॉर्टकट वहीत उतरवून घेण्यापेक्षा कितीतरी फायद्याचे आहे.

सराव करताना एक पथ्य पाळा. एका प्रकरणाची पद्धत समजेपर्यंत त्याच प्रकरणाचे प्रश्न सोडवणे ठीक आहे. त्यानंतर मात्र प्रकरणे मिसळून सोडवा. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एकेका आकृतीचे प्रश्न सलग सोडवणारा गट सरावाच्या वेळी चांगला दिसला, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत मिसळून सराव करणारा गट फार पुढे गेला. कारण सोपे आहे. प्रकरणाच्या नावाखाली सोडवलेल्या प्रश्नात पद्धत कोणती वापरायची हे आधीच ठरलेले असते, आणि परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. मिसळून सोडवताना सुरुवातीला गुण कमी येतील. त्याने खचू नका.

इंग्रजीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना तो कोणी नीट सांगत नाही. इंग्रजीचा वेगळा भाग असतो त्याची धास्ती सर्वांनाच असते, पण गणित आणि तर्काच्या प्रश्नांतील इंग्रजी अधिक गुण खाते. ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘कॉन्सिक्युटिव्ह’, ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’, ‘ओन्ली इफ’ असे पन्नास-साठ शब्दप्रयोग सगळ्या प्रश्नपत्रिकांत पुन्हा पुन्हा येतात. त्यांची स्वतंत्र यादी करा आणि प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी एकेक आकड्याचे उदाहरण लिहा. ‘ॲट लीस्ट पाच’ दिसले की पाच, सहा, सात हे आकडे डोळ्यांपुढे यावेत आणि चार येऊ नये. वाक्याचे मनात मराठी भाषांतर करून मग गणित मांडण्याची सवय असेल, तर प्रत्येक प्रश्नामागे पंधरा-वीस सेकंद जातात. तीस प्रश्नांत ते साडेसात ते दहा मिनिटे होतात. तुमचे जे निम्मे प्रश्न वाचायचे राहिले, त्यातले बरेच या दहा मिनिटांत आले असते. यावर उपाय हा की प्रश्न वाचतानाच कच्च्या कागदावर आकडे आणि चिन्हे उतरवत जा, आणि प्रश्नाचे शेवटचे वाक्य, म्हणजे नेमके काय विचारले आहे ते, सर्वांत आधी वाचा.

इंग्रजीच्या स्वतंत्र भागासाठी अवघड शब्दांच्या याद्या पाठ करण्यात आठ आठवडे घालवू नका. रोज वीस मिनिटे एखाद्या इंग्रजी वृत्तपत्रातील एक लेख घड्याळ लावून वाचा आणि पान बंद करून त्याचा आशय दोन वाक्यांत लिहा. उताऱ्यावरचे प्रश्न, वाक्यातील चूक शोधणे आणि गाळलेल्या जागा, या तिन्हींना याचा उपयोग होतो. व्याकरणात कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, शब्दयोगी अव्यये आणि ‘ए, ॲन, द’ एवढे पक्के करा. मराठीची वाक्यरचना मनात असल्यामुळे आपल्याकडून शेवटच्या दोन घटकांत सर्वाधिक चुका होतात.

तर्काच्या भागाची भीती तुम्ही बाळगू नये. महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या बहुतेक मुलांनी राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा दिलेली असते किंवा निदान तिच्या ‘बुद्धिमत्ता चाचणी’च्या मार्गदर्शिका पाहिलेल्या असतात. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, वेगळे पद ओळखा, हे सगळे तेच आहे. नवीन भर पडते ती बैठक व्यवस्थेच्या कोड्यांची आणि विधान-निष्कर्षांची. विधान-निष्कर्ष नेहमी वर्तुळे काढून सोडवा आणि खरे जग बाजूला ठेवा. ‘सर्व झाडे दगड आहेत’ असे दिले असेल तर तेवढ्या प्रश्नापुरते ते खरे माना. ‘काही’ या शब्दामुळे ‘सर्व’ असण्याची शक्यता नाहीशी होत नाही, हे एक ध्यानात ठेवलेत तर निम्म्या चुका टळतील. बैठक व्यवस्थेत आधी निश्चित जागा सांगणारी अट शोधा, मग तिला जोडलेली अट घ्या, आणि ‘अमुक तमुकाच्या शेजारी नाही’ अशा नकारार्थी अटी शेवटी तपासा. अटी वाचूनही एकही निश्चित जागा सापडली नाही, तर तो संच शेवटी ठेवा.

या सगळ्यात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते प्रश्न सोडून देण्याविषयी. दुसऱ्या चाचणीत तुमची उत्तरे चुकली, कारण सगळे प्रश्न सोडवलेच पाहिजेत असे ठरवून तुम्ही सगळ्यांना सारखी घाई केलीत. महाविद्यालयीन परीक्षेत कोणताही प्रश्न सोडणे म्हणजे नुकसान, ही शिकवण आपल्या अंगात भिनलेली असते. या चाचणीत मात्र प्रश्नांची काठिण्यपातळी मुद्दाम असमान ठेवलेली असते, गुण बहुधा सारखे असतात, आणि एका अवघड प्रश्नावर गेलेल्या तीन मिनिटांत तीन सोपे प्रश्न सुटू शकले असते. प्रश्न वाचल्यावर अर्ध्या मिनिटात पहिली पायरी दिसली नाही तर पुढे जायचे, हा नियम स्वतःला घालून घ्या आणि सराव चाचण्यांत तो काटेकोरपणे पाळा. सुरुवातीला हे फार जड जाईल, विशेषतः जो प्रश्न येतो असे वाटते तो सोडताना. म्हणून प्रत्येक सराव चाचणीनंतर बरोबर-चूक मोजण्याबरोबर आणखी एक गोष्ट मोजा : दोन मिनिटांहून अधिक वेळ कोणत्या प्रश्नांवर गेला आणि त्यातून किती गुण मिळाले. हा हिशेब दोन-तीन वेळा डोळ्यांनी पाहिलात की सोडायचे कसे, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागणार नाही.

हा नियम प्रत्येक चाचणीत जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून चाचणीचे स्वरूप आधी माहीत करून घ्या. टीसीएस कंपनीची एनक्यूटी ही भरती चाचणी वेगळी, अनेक कंपन्या वापरतात ती ॲम्कॅट वेगळी, ई-लिटमसची चाचणी वेगळी. कुठे प्रत्येक भागाला स्वतंत्र वेळ असतो आणि तो संपला की पुढचा भाग आपोआप उघडतो, कुठे पूर्ण चाचणीला मिळून वेळ असतो. ॲम्कॅटमध्ये तुमच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची पातळी बदलते आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही; तिथे ‘नंतर पाहू’ म्हणून सोडण्याची सोयच नसल्यामुळे चुकीचे पर्याय वगळून उत्तर निवडायचे आणि पुढे जायचे. कंपन्या आपले स्वरूप बदलतात, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींवर विसंबू नका; महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलला कंपनीकडून आलेले अधिकृत पत्र दाखवण्याची विनंती करा. त्यात प्रश्नसंख्या, वेळ आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात की नाही, एवढे तीन मुद्दे नक्की पाहा.

गुण वजा होत नसतील तर एकही प्रश्न रिकामा ठेवू नका, शेवटचे अर्धे मिनिट त्यासाठी राखून ठेवा. गुण वजा होत असतील तर साधा हिशेब करा. चार पर्याय आहेत आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा होतो, असे समजा. डोळे मिटून १२ उत्तरे दिली तर सरासरीने ३ बरोबर येतील, ९ चुकतील आणि मिळालेले ३ गुण जसेच्या तसे परत जातील. पाच पर्याय आणि पाव गुण वजा असेल तरी निष्कर्ष तोच. पण चारपैकी दोन पर्याय खात्रीने वगळता आले, तर उरलेल्या दोनांतून निवडणे नेहमीच फायद्याचे ठरते. तेव्हा अंदाज बांधणे वाईट नाही. काहीही न वगळता बांधलेला अंदाज निरुपयोगी आहे.

आठ आठवड्यांचे तपशीलवार वेळापत्रक मी मुद्दाम देत नाही, कारण तुमचा प्रकल्प आणि सत्र परीक्षा यांच्या तारखा मला माहीत नाहीत. रोज दीड तास, त्यातला एक तास नवे प्रश्न आणि अर्धा तास चुकांच्या वहीतले जुने प्रश्न, एवढे सातत्याने झाले तरी पुरेसे आहे. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दोन पूर्ण सराव चाचण्या संगणकावर द्या. कागदावर सराव करून पडद्यावर परीक्षा देणाऱ्यांचा वेग पहिल्याच भागात मंदावतो, कारण आकडे पडद्यावरून कागदावर उतरवणे हेही एक वेगळे काम आहे. चुकांच्या वहीत पूर्ण उत्तर उतरवून घेऊ नका. चूक का झाली, ते एका ओळीत लिहा. ‘दोन्ही टक्के एकाच मूळ किमतीवर धरले’ अशी ओळ दहा दिवसांनीही तुम्हाला सावध करील.

बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सोबत चालेल, कारण पाया एकच आहे. आयबीपीएस या बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. त्या वेगाचा सराव केलेल्या उमेदवाराला कंपनीची चाचणी तुलनेने सावकाश वाटते. २०२१ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीसोबत १३ प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यांत मराठी आहे, हेही तुमच्या उपयोगाचे आहे. बँकेसाठी लागणारे सामान्य ज्ञान आणि बँकिंगचे घटक मात्र या आठ आठवड्यांत हाती घेऊ नका.

क्लासचे पंधरा हजार रुपये वडिलांकडे मागू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. संकल्पना अडल्या असत्या आणि समजावून सांगणारे कोणीच नसते, तर मी वेगळा सल्ला दिला असता. तुमची अडचण वेगाची आहे आणि तो दुसऱ्याच्या शिकवण्याने वाढत नाही. हवे तर थोड्या पैशांत संगणकावरच्या सराव चाचण्यांचा एखादा संच घ्या आणि वर्गातल्या दोन-तीन मैत्रिणींसह आठवड्यातून एकदा बसून एकमेकींच्या पद्धती पाहा. एकच प्रश्न तिघींनी तीन रीतींनी सोडवलेला पाहून फार शिकायला मिळते. कंपनीचे ‘फुटलेले’ प्रश्न देतो किंवा पैसे भरले की निवड नक्की करून देतो असे कोणी सांगितले, तर त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवा. नोकरी देणारी प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून निवडीसाठी पैसे घेत नाही.

मित्रांच्या सूचनेला नकार द्या. ते वाईट हेतूने म्हणत नाहीत, हे मला समजते. पण घरून होणाऱ्या चाचणीत कॅमेरा आणि मायक्रोफोन चालू असतात, पडद्याबाहेर वारंवार वळणारी नजर आणि खोलीतला दुसरा आवाज टिपला जातो, आणि शंका आली तर एका चाचणीपुरती नव्हे, त्या कंपनीपुरती दारे बंद होऊ शकतात. ते पकडले गेले नाही तरी मुलाखतीत समोरचा माणूस कागद पुढे करून तसाच प्रश्न सोडवायला सांगू शकतो. आणि याहून मोठे कारण हे की मराठी माध्यमातून आलेल्या, कुणाचीही मदत न घेता तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्याच एखाद्या मुलीची जागा त्या उत्तरांनी जाते.

काही कंपन्या चाचणीच्या शेवटी स्वभावाविषयीची विधाने देतात आणि त्यांतून निवड करायला सांगतात. त्याची पाठ केलेली उत्तरे शोधू नका. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा विचारलेली असते, त्यामुळे कंपनीला काय आवडेल याचा विचार करून दिलेली उत्तरे एकमेकांशी विसंगत निघतात. आपण खरोखर जसे वागतो तसे, फार वेळ न घालवता लिहावे.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात नवे प्रकरण उघडू नका, चुकांची वही दोनदा वाचा. ओळखपत्रावरचे आणि अर्जावरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे ना, ते पाहून ठेवा. वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून ऐनवेळी अडचण होते. चाचणी घरून असेल तर त्या दिवशी वीज जाण्याची शक्यता धरून लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलच्या इंटरनेटची सोय करा, किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसू देण्याची परवानगी आधीच मागा. चाचणी संपली की त्याच संध्याकाळी, निकालाची वाट न पाहता, आठवतील तेवढे प्रश्न, प्रत्येक भागाला पुरलेला किंवा अपुरा पडलेला वेळ आणि सोडलेल्या प्रश्नांची संख्या वहीत लिहून काढा. निवड झाली तर ती वही पुढच्या वर्षीच्या विद्यार्थिनींना द्या. झाली नाही, तर त्या पानांवरून पुढच्या कंपनीसाठी कोणत्या प्रकरणापासून सुरुवात करायची ते तुम्हाला दुसऱ्याच दिवशी ठरवता येईल.